पान तयार करण्याचे काम कोणाचे: आलेल्या रिक्वेस्टचे की दाखवायच्या पानाचे?

कोराकागद (धागाकर्ता)

प्रवेश अर्जाचा एखादा नेहमीचा फॉर्म घ्या. त्यात जिल्ह्यांचा ड्रॉपडाउन आहे, अभ्यासक्रमांचा ड्रॉपडाउन आहे, आणि वरच्या पट्टीत लॉगिन केलेल्या व्यक्तीचे नाव व न वाचलेल्या सूचनांची संख्या आहे. पान पहिल्यांदा उघडले की सगळे जागच्या जागी दिसते. अर्जदाराकडून मोबाइल क्रमांकातला एक आकडा राहतो, सर्व्हर पडताळणीत अर्ज अडवतो आणि चूक सांगणाऱ्या ओळीसह तोच फॉर्म परत दाखवतो; मात्र या वेळी जिल्ह्यांची यादी रिकामी असते, किंवा टेम्प्लेटच (माहिती भरून ज्यापासून पान बनते तो एचटीएमएलचा साचा) कोसळते. जावा, रुबी, पीएचपी, पायथन अशा सगळ्याच भाषांतल्या प्रकल्पांत हा दोष गेली वीसेक वर्षे पुन्हा पुन्हा उगवतो आहे. तो लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणातून येतो असे सहसा मानले जाते. माझ्या मते तो फ्रेमवर्कच्या (वेबसाइट बांधण्याच्या तयार चौकटीच्या) रचनेतून येतो, आणि त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

रुबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कमध्ये हे कसे घडते ते पाहू. ‘न्यू’ या ॲक्शनमध्ये (एखाद्या यूआरएलवर रिक्वेस्ट आली की चालणाऱ्या कोडमध्ये) आपण जिल्ह्यांची यादी एका व्हेरिएबलमध्ये भरतो आणि टेम्प्लेट ती वापरते. फॉर्म पाठवल्यावर ‘क्रिएट’ ही ॲक्शन चालते, आणि पडताळणी फसली की ती ‘रेंडर न्यू’ (‘न्यू’ रेखाटा) म्हणते. नवशिक्याला वाटते की आता ‘न्यू’ ॲक्शन पुन्हा चालेल. प्रत्यक्षात त्या नावाचे टेम्प्लेट तेवढे उचलले जाते. टेम्प्लेट जी यादी मागते ती या वाटेने येताना कोणीच भरलेली नसते.

मुळात येथे दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम रिक्वेस्ट हाताळण्याचे: काय आले, कोणी पाठवले, त्याला तो अधिकार आहे का, माहिती बरोबर आहे का, डेटाबेसात काय लिहायचे, आणि शेवटी कोणते पान दाखवायचे किंवा कोठे रीडायरेक्ट करायचे हे ठरवणे. दुसरे काम पानाच्या तयारीचे: जे पान दाखवायचे ठरले आहे त्याला लागणाऱ्या याद्या, संख्या, मेनू गोळा करणे. पहिले काम यूआरएल आणि मेथड यांच्याशी बांधलेले असते, तर दुसरे पानाशी. एका रिक्वेस्टचा शेवट तीन वेगवेगळ्या पानांत होऊ शकतो आणि एकाच पानापर्यंत चार वेगवेगळ्या रिक्वेस्ट पोहोचू शकतात. शिवाय रिक्वेस्ट हाताळायला सुरुवात होते त्या क्षणी कोणते पान दाखवायचे हे अजून ठरलेलेच नसते. असे असताना बहुतेक फ्रेमवर्क आपल्याला कोड लिहायला एकच जागा देतात, ती म्हणजे यूआरएलशी जोडलेली ॲक्शन. त्यामुळे दुसरे काम पहिल्याच्या पोटात शिरते आणि पानाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर त्याची पुनरावृत्ती करावी लागते.

ही अडचण जुन्या जावा मंडळींना चांगलीच ठाऊक होती. स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीत (१.० ही २००१ मध्ये आली) अनेकांनी प्रत्येक फॉर्मसाठी दोन ॲक्शन लिहिण्याची पद्धत घातली होती, एक मांडणीची आणि एक प्रक्रियेची, आणि पडताळणी फसल्यावर थेट जेएसपीकडे (जावातल्या टेम्प्लेटकडे) न जाता मांडणीच्या ॲक्शनकडे फॉरवर्ड केले जाई. पण असा फॉरवर्ड पुन्हा त्याच कंट्रोलरमधून जात असल्यामुळे फॉर्म बीन (फॉर्मची मूल्ये धरणारे ऑब्जेक्ट) दुसऱ्यांदा भरले जाई, आणि त्यातून निघणारे घोळ शोधून काढणे फार त्रासाचे होते. वेबवर्क या दुसऱ्या फ्रेमवर्कपासून घडलेल्या स्ट्रट्स २ मध्ये ‘प्रिपेअरेबल’ नावाचा इंटरफेस आला: त्यातली ‘प्रिपेअर’ मेथड पडताळणीच्या आधी चालते, त्यामुळे पडताळणी फसली तरी यादी हाताशी असते. याने पान कोसळणे थांबले, परंतु तयारी अजूनही रिक्वेस्टशीच बांधलेली राहिली. अर्ज यशस्वीपणे जतन होऊन पुढे रीडायरेक्ट होणार असला तरीही जिल्ह्यांची यादी आणली जाते आणि तशीच टाकून दिली जाते.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या जुन्या ‘सिंपलफॉर्मकंट्रोलर’मध्ये ‘रेफरन्सडेटा’ नावाची मेथड होती. ती फॉर्म दाखवायचाच असेल तेव्हा चालत असे, मग तो पहिल्यांदा असो वा चुकीनंतर, आणि अर्ज यशस्वी झाला तर चालत नसे. स्प्रिंग ३ मध्ये तो वर्ग जुना ठरवला गेला आणि ४ मध्ये काढून टाकला. त्याच्या जागी आपण वापरतो त्या ‘मॉडेलॲट्रिब्यूट’ मेथड कंट्रोलरमधल्या प्रत्येक हँडलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या मेथडच्या) आधी चालतात, म्हणजे पुन्हा रिक्वेस्टशी बांधलेल्या. अनोटेशनमुळे (कोडवर लावायच्या खुणांमुळे) लिहिणे कितीतरी सोपे झाले हे मान्य करूनही मला वाटते की त्या बदलात एक नेमका भेद हरवला.

सर्वांत स्वच्छ उत्तर मला स्ट्रट्स शेल या आता बंद पडलेल्या प्रकल्पात दिसते. क्रेग मॅक्लानाहन यांनी, म्हणजे मूळ स्ट्रट्सच्याच कर्त्यांनी, जेएसएफ या जावातल्या पाने बांधण्याच्या तंत्रावर उभारलेल्या या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक पानाच्या मागे एक व्ह्यूकंट्रोलर असे. त्यातली ‘प्रिप्रोसेस’ मेथड फॉर्म परत आल्यावरच चाले आणि ‘प्रिरेंडर’ मेथड जे पान प्रत्यक्ष दाखवले जाणार आहे त्याच्याचसाठी चाले. फॉर्म एका पानाचा आला आणि उत्तरादाखल दुसरे पान दाखवायचे ठरले, तर पहिल्याचे ‘प्रिप्रोसेस’ आणि दुसऱ्याचे ‘प्रिरेंडर’ चालणार. इतकी सरळ विभागणी नंतरच्या लोकप्रिय फ्रेमवर्कांत मला क्वचित आढळली.

माझे म्हणणे एवढेच आहे की तयारीचा कोड पानाच्या नावाने नोंदवलेला असावा, कोणते पान हे ठरल्यानंतर तो चालावा, आणि ब्राउझरकडे पहिला बाइट जाण्याआधी तो संपावा. आपापल्या फ्रेमवर्कमध्ये तुम्ही हे कसे साधता, आणि हे साधावेच का याबद्दल ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते अवश्य मांडावे.

माणिकमोती

धागा उत्तम आहे, पण रेल्सवरचा आक्षेप मला पुरता पटला नाही. ‘बिफोर ॲक्शन’मध्ये (ॲक्शनच्या आधी चालवायच्या कोडच्या नोंदीत) यादी भरणारी मेथड नोंदवावी आणि ती न्यू, क्रिएट, एडिट, अपडेट या चौघांपुरती मर्यादित ठेवावी, असे रेल्समध्ये सर्रास केले जाते. तुम्ही म्हणाल की यशस्वी ‘क्रिएट’मध्ये ती क्वेरी वाया जाते. तसे होत नाही. रेल्सच्या ॲक्टिव्ह रेकॉर्ड या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात ‘जिल्हे नावानुसार लावून द्या’ असे लिहिल्यावर हाती येते ते फक्त क्वेरीचे वर्णन असते; टेम्प्लेट त्यावर फिरू लागेपर्यंत डेटाबेसला काहीही विचारले जात नाही. रीडायरेक्ट झाले तर क्वेरी जातच नाही. म्हणजे तुम्हाला हवे असलेले ‘पान ठरल्यानंतर’ हे वेळेचे बंधन आळशी क्वेरीमुळे आपोआप पाळले जाते, आणि कोड वाचणाऱ्याला सगळे एका कंट्रोलरमध्ये डोळ्यांसमोर दिसते. पानाच्या नावाने कुठेतरी दूर नोंदवलेला कोड शोधत बसण्यापेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

कोराकागद

आळशी क्वेरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मी मूळ लेखात घ्यायला हवा इतका वजनदार आहे. तरी त्याला दोन मर्यादा आहेत. एक, सगळीच तयारी डेटाबेसच्या क्वेरीची नसते. दुसऱ्या सेवेकडून दर मागवायचे असतील, कॅशमधून मेनू आणायचा असेल किंवा अधिकारांनुसार यादी गाळायची असेल, तर ते काम ‘बिफोर ॲक्शन’मध्ये लगेच होते. दोन, क्वेरी टेम्प्लेटच्या आत चालू लागली की ती फसण्याची जागाही टेम्प्लेटच्या आत जाते. टेम्प्लेट अर्ध्यावर असताना आलेला अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे कोड मध्येच थांबवणारी चूक) नीट हाताळणे हे तयारीच्या टप्प्यात आलेला अपवाद हाताळण्यापेक्षा नेहमीच कठीण असते.

चार ॲक्शनची नावे हाताने लिहिण्याबद्दल सांगायचे तर, तेथे आपण प्रत्यक्षात पानाचीच यादी लिहीत असतो, फक्त ती ‘या पानाकडे नेणाऱ्या वाटा’ अशा उलट्या रूपात. पाचवी वाट तयार झाली की ती यादी आठवणीने वाढवावी लागते, आणि दोष नेमका तेथून शिरतो.

बँकेतलाजावा

टेम्प्लेटच्या आत क्वेरी चालण्याच्या धोक्याबद्दल अधिक विस्ताराने लिहितो, कारण माझ्या कामात तो रोजचा विषय आहे.

जावात डेटाबेसमधली माहिती ऑब्जेक्टच्या रूपात देणाऱ्या हायबरनेटमध्ये एखाद्या अर्जाशी जोडलेली कागदपत्रांची यादी आळशी ठेवलेली असते. सेशन (येथे डेटाबेसशी चाललेला संवाद) बंद झाल्यावर टेम्प्लेटने ती मागितली की ‘लेझी इनिशिअलायझेशन एक्सेप्शन’ येते. यावर फार पूर्वीपासून वापरात असलेला उपाय म्हणजे पान पूर्ण तयार होईपर्यंत सेशन उघडे ठेवणे. स्प्रिंग बूटमध्ये हे वर्तन मुळातच चालू असते, आणि आवृत्ती २ पासून प्रकल्प सुरू होताना लॉगमध्ये एक इशाराही छापला जातो, की पान रेखाटताना डेटाबेसच्या क्वेरी चालू शकतात आणि ही सोय हवी की नको ते तुम्ही स्पष्टपणे ठरवा. तो इशारा वर्षानुवर्षे लॉगमध्ये वाहत असतो आणि कोणीही तिकडे पाहत नाही.

याची किंमत गर्दीच्या वेळी कळते. हिकारी या कनेक्शन पूलची (डेटाबेसची उघडी कनेक्शन राखून वाटणाऱ्या साठ्याची) मूळ मर्यादा १० कनेक्शनची आहे. नेहमीच्या मांडणीत सेशन उघडे राहिले की पहिल्या क्वेरीच्या वेळी घेतलेले कनेक्शन पान रेखाटून संपेपर्यंत अडकून राहते, जरी मधल्या वेळात डेटाबेसला एकही प्रश्न विचारला जात नसला तरी. हँडलरने क्वेरीनंतर बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक मारली आणि तिने उत्तर द्यायला दोन सेकंद घेतली, तर तेवढा वेळ ते कनेक्शन कोणाच्याही कामाचे नसते. अशा दहा रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की अकरावी ताटकळते, आणि डेटाबेसच्या यंत्रावर पाहावे तर भार जवळजवळ शून्य दिसतो. त्यामुळे शोध घेणारा माणूस भलत्याच दिशेला जातो.

म्हणून धागाकर्त्यांच्या म्हणण्यात मी एक भर घालेन: तयारीचा टप्पा संपला की डेटाबेसचा दरवाजा बंद व्हावा. टेम्प्लेटला साधे, पूर्ण भरलेले ऑब्जेक्ट मिळावेत, ज्यांना विचारून पुन्हा क्वेरी निघू शकणार नाही. सेशन उघडे ठेवण्याची सोय बंद करून काम सुरू केले की पहिले काही दिवस भरपूर अपवाद येतात, पण त्यांतला प्रत्येक अपवाद कोणत्या पानाची तयारी अपुरी आहे हे नेमके सांगतो.

अजगरप्रेमी

पायथनच्या जँगो या फ्रेमवर्ककडे या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती वेगवेगळ्या पातळीवरची आहेत.

पहिले उत्तर फॉर्म ऑब्जेक्टचे. जिल्ह्यांचा ड्रॉपडाउन हा फॉर्मचाच एक भाग असतो आणि त्याची क्वेरी त्या फील्डमध्ये लिहिलेली असते. पडताळणी फसली की तोच फॉर्म ऑब्जेक्ट टेम्प्लेटकडे जातो, त्यामुळे यादी हरवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उरलेल्या गोष्टींसाठी वर्गाधारित व्ह्यूमध्ये (जँगोत व्ह्यू म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा कोड) ‘गेट कॉन्टेक्स्ट डेटा’ ही मेथड आहे, जी पहिल्यांदा फॉर्म दाखवतानाही चालते आणि चुकीनंतर परत दाखवतानाही. धागाकर्त्यांनी ‘रेफरन्सडेटा’ हरवल्याची खंत व्यक्त केली आहे. ती वृत्तीने येथे जिवंत आहे असे मला वाटते.

दुसरे उत्तर २०११ च्या १.३ आवृत्तीत आलेल्या ‘टेम्प्लेट रिस्पॉन्स’चे, आणि ते मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. नेहमीचा ‘रेंडर’ वापरला की व्ह्यूमधून बाहेर पडतानाच एचटीएमएलचा तयार मजकूर हाती येतो. टेम्प्लेट रिस्पॉन्समध्ये मात्र कोणते टेम्प्लेट आणि कोणता कॉन्टेक्स्ट (टेम्प्लेटला द्यायची माहिती) एवढेच परत दिले जाते. रेखाटन पुढे ढकललेले असते. मधल्या वेळात डेकोरेटर किंवा मिडलवेअर (व्ह्यूच्या भोवती चालणारा कोड) त्या कॉन्टेक्स्टमध्ये भर घालू शकतात, किंवा टेम्प्लेटही बदलू शकतात. म्हणजे ‘पान ठरले आहे पण रेखाटलेले नाही’ ही अवस्था एका ऑब्जेक्टच्या रूपात हाताळता येते. त्या अवस्थेतला रिस्पॉन्स कॅशसाठी पिकल करायला (साठवण्याजोग्या रूपात बदलायला) गेलात तर जँगो अपवाद टाकते, आणि ते योग्यच आहे.

चाचण्यांनाही याचा मोठा लाभ होतो. एचटीएमएलमध्ये शब्द शोधत बसण्यापेक्षा कोणते पान निवडले गेले आणि त्याला काय दिले गेले हे थेट तपासता येते. रिक्वेस्टची चाचणी ‘या माहितीवर हे पान निवडले गेले का’ इतकीच राहते, आणि पानाच्या तयारीची चाचणी रिक्वेस्टशिवाय, नुसत्या फंक्शनसारखी लिहिता येते.

सांजदिवा

मी पीएचपीच्या लारावेल या फ्रेमवर्कवर काम करते. आमच्याकडे व्ह्यू कंपोझर आहेत, जे अगदी पानाच्या नावाने नोंदवले जातात: ‘अर्ज-फॉर्म हे टेम्प्लेट रेखाटायचे असेल तेव्हा हे फंक्शन चालवा’. धागाकर्त्यांची मागणी येथे शब्दशः पूर्ण होते. पण माणिकमोती यांची भीतीही तितकीच खरी आहे. नवीन माणूस कंट्रोलर वाचतो, त्यात जिल्ह्यांचा उल्लेख नसतो, टेम्प्लेटमध्ये मात्र यादी दिसते, आणि ती आली कोठून हे शोधण्यात त्याचा वेळ जातो. त्याहून मोठा त्रास तारांकनाने नोंदवलेल्या कंपोझरचा. ‘सर्व टेम्प्लेटांसाठी’ असे लिहिले की तो पानातल्या प्रत्येक लहान तुकड्यासाठीही चालतो; पन्नास ओळींची यादी असेल आणि प्रत्येक ओळ वेगळ्या तुकड्यात असेल, तर न वाचलेल्या सूचनांची संख्या एका पानासाठी पन्नासहून अधिक वेळा विचारली जाऊ शकते. म्हणून आम्ही कंपोझर फक्त पूर्ण पानांना आणि मुख्य लेआउटला जोडतो, तुकड्यांना कधीही नाही, आणि सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवतो.

चुकीच्या फॉर्मबद्दल सांगायचे तर लारावेलची मूळ वाट वेगळी आहे. पडताळणी फसली की फॉर्म तेथल्या तेथे रेखाटला जात नाही. भरलेली माहिती आणि चुका सेशनमध्ये (येथे सर्व्हरने त्या वापरकर्त्यापुरत्या राखलेल्या साठ्यात) ठेवून मागच्या पानावर रीडायरेक्ट होते, म्हणजे फॉर्म दाखवणारी मूळ ॲक्शनच पुन्हा चालते आणि यादी आपोआप भरली जाते. पानाकडे जाणारी वाटच एक ठेवली की प्रश्न मिटतो. पासवर्ड सेशनमध्ये ठेवले जात नाहीत, ते पुन्हा टाकावे लागतात, आणि निवडलेली फाइलही पुन्हा जोडावी लागते. नेटवर्क कमकुवत असलेल्या गावातून पाच एमबीचा दाखला जोडणाऱ्या अर्जदाराच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय नाही.

प्रवाही

गेल्या काही वर्षांत ब्राउझरच्या बाजूने आलेल्या फ्रेमवर्कांत ही विभागणी अधिक स्पष्ट झाली आहे. २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रीमिक्समध्ये प्रत्येक रूटला ‘ॲक्शन’ आणि ‘लोडर’ अशी दोन स्वतंत्र फंक्शने असतात. फॉर्म आला की ॲक्शन चालते आणि चुका परत देते. त्यानंतर जे पान दाखवायचे आहे त्याचे, आणि त्याला वेढणाऱ्या लेआउटांचेही, लोडर चालतात. लोडर एकमेकांची वाट न पाहता समांतर चालतात. जिल्ह्यांची यादी लोडरमध्ये असल्यामुळे फॉर्म कोणत्याही कारणाने पुन्हा दिसला तरी ती असतेच. शेलमधल्या ‘प्रिप्रोसेस’ आणि ‘प्रिरेंडर’ यांचेच हे पुढचे रूप आहे असे मूळ लेख वाचून माझ्या लक्षात आले.

मात्र ‘पहिल्या बाइटच्या आधी सगळी तयारी संपावी’ हे विधान मला फार कडक वाटते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट या पाने बांधण्याच्या लायब्ररीच्या १८ व्या आवृत्तीपासून सर्व्हर पानाचा सांगाडा आधी पाठवू शकतो आणि संथ भाग तयार होतील तसे मागाहून सोडू शकतो. शिफारशींची यादी यायला दीड सेकंद लागणार असेल तर तेवढ्यासाठी वाचकाला कोरा पडदा का दाखवावा?

कोराकागद

प्रवाही यांचा आक्षेप मान्य करून मी माझे विधान अधिक नेमके करतो. पहिला बाइट गेला की स्टेटस कोड आणि हेडरही गेलेले असतात. त्यानंतर ‘असे पान नाही’, ‘तुम्हाला परवानगी नाही’ किंवा ‘दुसरीकडे जा’ हे एचटीटीपीच्या भाषेत सांगता येत नाही. रिॲक्टवर उभारलेल्या नेक्स्ट जेएसमध्ये प्रवाह (पान तुकड्यांनी पाठवणे) सुरू झाल्यानंतर पान सापडले नाही असे कळले तर स्टेटस २०० (‘सर्व ठीक’) च राहतो आणि शोधयंत्रांनी ते पान नोंदवू नये म्हणून पानात एक मेटा टॅग घातला जातो, कारण त्याहून अधिक काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे ज्या तयारीच्या निकालावर स्टेटस, हेडर, कुकी किंवा रीडायरेक्ट अवलंबून आहे ती पहिल्या बाइटच्या आधी संपलीच पाहिजे. उरलेली प्रवाहात जाऊ शकते. अर्ज क्रमांक अस्तित्वात आहे का हे पहिल्या गटात, आणि शिफारशी दुसऱ्या.

ही सीमा नवीन नाही. जेएसपीमध्ये बफर (मजकूर पाठवण्याआधी साठवण्याची जागा) मुळात किमान ८ केबीचा असतो आणि तो भरला की आपोआप रिकामा केला जातो. त्यामुळे लहान पानात आलेली चूक नीट त्रुटी-पानात बदलते आणि तीच चूक मोठ्या पानाच्या तळाशी आली की अर्धे पान व २०० असा निकाल मिळतो. चाचणीत दहा ओळी असतात, प्रत्यक्षात हजार, म्हणून हा दोष चाचणीत सापडत नाही. सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवणाऱ्या पायथनच्या डब्ल्यूएसजीआय मानकाने, जे २००३ मध्ये लिहिले गेले, ही सीमा विचारपूर्वक आखली: ॲप्लिकेशनने स्टेटस आणि हेडर सांगितले तरी सर्व्हरने ते लगेच पाठवायचे नाहीत, मजकुराचा पहिला रिकामा नसलेला तुकडा येईपर्यंत राखून ठेवायचे, जेणेकरून मधल्या वेळात चूक झाली तर ते बदलता येतील.

अबोली२२

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून विचारते. परवानगी तपासण्याचे काम कोणत्या बाजूला जाते? आमच्या प्रकल्पात लेआउटच्या तयारीतच लॉगिन तपासले जाते आणि नसेल तर लॉगिनकडे रीडायरेक्ट होते. तसेच सूचनांची यादी असलेले पान तयार होतानाच त्या सूचना ‘वाचल्या’ म्हणून नोंदवल्या जातात. हे चुकीचे आहे का?

बँकेतलाजावा

दोन्ही गोष्टी तेथून हलवाव्यात असे मी सुचवेन. परवानगी तपासणे हे रिक्वेस्ट हाताळण्याचे काम आहे. लेआउटच्या तयारीत तपासणी ठेवली की ज्या रिक्वेस्टला लेआउट लागत नाही, उदाहरणार्थ पीडीएफ डाउनलोड किंवा जेसन देणारा पत्ता, ती तपासणीशिवाय निसटते. तयारीने पान बदलण्याचा निर्णय घेऊ नये. तो निर्णय आधीच झालेला असतो म्हणून तर तिला तयारी म्हणायचे.

सूचना ‘वाचल्या’ करण्याबद्दल: तयारीच्या टप्प्यात डेटाबेसात काहीही लिहिले जाऊ नये हा नियम काटेकोरपणे पाळावा. एचटीटीपीच्या मानकात गेट ही सुरक्षित मेथड मानली आहे, आणि ब्राउझर माणसाने क्लिक करण्याआधीच पान मागवून ठेवू शकतो. तसे झाले तर कोणी न पाहिलेल्या सूचना वाचलेल्या ठरतील. पान दिसल्यानंतर ब्राउझरने वेगळी पोस्ट रिक्वेस्ट पाठवावी आणि तिच्या हँडलरने ती नोंद करावी.

टेम्प्लेटने काय करू नये यावर टेरेन्स पार यांचा २००४ चा शोधनिबंध महत्त्वाचा आहे. टेम्प्लेटने मॉडेल बदलू नये, माहितीवर गणित करू नये, माहितीच्या मूल्यांची तुलना करून निर्णय घेऊ नये, असे नियम त्यांनी मांडले आणि त्यांच्या स्ट्रिंगटेम्प्लेट इंजिनमध्ये ते सक्तीने लागूही केले. ‘शुल्क थकीत आहे का’ हे टेम्प्लेटमध्ये तारखांची तुलना करून ठरवायचे नाही. ‘थकीत’ हे हो-नाही उत्तर तयारीने आधीच काढून द्यायचे. टेम्प्लेट इतके साधे ठेवले तरच तयारीचा टप्पा खऱ्या अर्थाने पूर्ण होतो.

माणिकमोती

चर्चा वाचून माझे मत थोडे सरकले आहे, म्हणून परत लिहितो. रुबीमध्येच हानामी नावाचे फ्रेमवर्क आहे. त्यात व्ह्यू हा टेम्प्लेटपासून वेगळा असा वर्ग असतो आणि टेम्प्लेटला काय मिळणार ते त्यात ‘एक्स्पोज’ लिहून जाहीर करावे लागते. २०२४ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीत ही सोय पूर्ण फ्रेमवर्कचा भाग झाली. ‘क्रिएट’ फसली की ती ‘न्यू’चा व्ह्यू रेखाटायला सांगते आणि त्या व्ह्यूने जाहीर केलेल्या गोष्टी तो स्वतः गोळा करतो. कोड दूर कोठे लपलेला नसतो, टेम्प्लेटच्या नावाचाच वर्ग उघडला की दिसतो. पानाशी बांधलेली तयारी आणि सहज सापडणारा कोड या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात हे मला मान्य करावे लागते. रेल्समध्ये मी ‘बिफोर ॲक्शन’ वापरणे सोडणार नाही, पण मोठ्या फॉर्मांसाठी पानाच्या नावाचा एक साधा रुबी वर्ग करून यादी त्यात ठेवणे आता मला योग्य वाटते.

सांजदिवा

एक व्यावहारिक प्रश्न राहतो. आमच्याकडे फ्रेमवर्क नसलेला, हाताने लिहिलेला पीएचपीचा जुना प्रकल्पही आहे. त्यात प्रत्येक फाइलमध्ये वर हेडर-फाइल जोडलेली, मध्ये क्वेरी आणि एचटीएमएल मिसळलेले. ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ हा पीएचपीचा प्रसिद्ध इशारा तेथे रोज दिसतो. तो प्रकल्प नव्याने लिहिणे शक्य नाही. सुरुवात कोठून करावी?

कोराकागद

त्या इशाऱ्याचे कारण या धाग्याचाच विषय आहे: एचटीएमएल छापायला सुरुवात झाल्यावर रीडायरेक्टचा निर्णय घेतला जातो. संपूर्ण पान बफरमध्ये धरून ठेवले की इशारा दिसेनासा होतो, पण निर्णय आणि रेखाटन यांची गुंतागुंत तशीच राहते, म्हणून तो उपाय तात्पुरताच समजावा.

मी असे सुचवेन. ‘पान दाखव’ असे एकच फंक्शन लिहा, जे पानाचे नाव आणि हँडलरने दिलेली माहिती घेते. ते त्या नावाची तयारीची फाइल असल्यास चालवते, मिळालेला ॲरे हँडलरच्या माहितीत मिसळते, आणि मगच टेम्प्लेटची फाइल जोडते. दोन्हीकडे एकाच नावाची किल्ली आली तर हँडलरची माहिती ग्राह्य धरावी, कारण अर्जदाराने नुकतीच भरलेली मूल्ये तिच्यात असतात. त्यानंतर जुन्या फाइलपैकी ज्यांत फॉर्म आहेत त्या आधी घ्या: वरचा भाग हँडलर म्हणून राहू द्या, एचटीएमएल टेम्प्लेटमध्ये हलवा, आणि त्यातल्या क्वेरी तयारीच्या फाइलमध्ये. ‘पान दाखव’ किंवा रीडायरेक्ट यांपैकी काहीतरी एकच आणि तेही हँडलरच्या अगदी शेवटी व्हावे, हा नियम पाळला की हेडरचा इशारा त्या फाइलपुरता कायमचा जातो. उरलेल्या फाइल जशा आहेत तशा चालू राहतात, त्यामुळे घाई करावी लागत नाही.

अजगरप्रेमी

त्यात त्रुटी-पानांची काळजी वेगळी घ्यावी. ५०० चे (सर्व्हरच्या अंतर्गत त्रुटीचे) पान नेहमीच्या लेआउटमधून दाखवले तर लेआउटची तयारी चालते, ती न वाचलेल्या सूचनांसाठी डेटाबेसला विचारते, आणि मुळात डेटाबेस बंद आहे म्हणूनच आपण येथे आलेलो असतो. मग त्रुटी-पान दाखवतानाच दुसरी त्रुटी येते आणि वाचकाला सर्व्हरचा कोरा मजकूर दिसतो. जँगो याच कारणाने ५०० चे टेम्प्लेट पूर्णपणे रिकाम्या कॉन्टेक्स्टसह रेखाटते, आणि रेल्स तर त्यासाठी पब्लिक फोल्डरमधली साधी एचटीएमएल फाइलच देते. ४०४ चे पान लेआउटमधून दाखवायला हरकत नाही, कारण तेव्हा बाकी सर्व व्यवस्था जागेवर असते. ५०० च्या पानाला मात्र ‘पान दाखव’ या फंक्शनमधून जाऊच देऊ नका. त्याची फाइल थेट वाचून पाठवा.